ॲप ‘माउंट’ करणे : चढवणे की बसवणे?

प्रश्न थोडक्यात असा : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी रेल्समध्ये (रूबी भाषेतली, वेब-ॲप बनवायची चौकट) ऑर्डरींचं मोठं ॲप आहे. सिनाट्रात (रूबीचीच, पण छोटी चौकट) लिहिलेलं हिशेबाचं छोटं ॲप त्यात ‘माउंट’ केलंय, म्हणजे मोठ्या ॲपमधल्या एका पत्त्यावर ते चालतं. मराठी माहितीपत्रकात काय लिहावं? ‘आरोहित केले’, ‘अंतर्भूत केले’ की ‘चढवले’?

माझं मत : ‘बसवलं’.

‘आरोहित’ कुणाच्याच तोंडी नाही, ते सोडू. ‘अंतर्भूत’वर मात्र थांबायला हवं. अंतर्भूत झालेली गोष्ट मोठ्या गोष्टीचा भाग होऊन जाते. इथे तसं होत नाही. रेल्स ३ पासून, म्हणजे २०१० पासून, राउट्सच्या फाइलमध्ये (कुठला पत्ता कुणी हाताळायचा, हे ठरवणारी फाइल) एक ओळ लिहिली की रॅकचे, म्हणजे रूबीची वेब-ॲप्स आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे, नियम पाळणारं कुठलंही ॲप आत चालतं. समजा ते ‘/हिशेब’वर आहे आणि ‘/हिशेब/थकबाकी’ असा पत्ता आला. राउटर त्याचे दोन तुकडे करून मागणीच्या दोन वेगळ्या रकान्यांत ठेवतो : ‘/हिशेब’ जातो ‘स्क्रिप्ट_नेम’मध्ये, ‘/थकबाकी’ उरते ‘पाथ_इन्फो’त. छोटं ॲप राउट जुळवताना फक्त ‘/थकबाकी’ बघतं. उद्या ते ‘/खातेवही’वर हलवलं तरी त्याचे राउट तसेच राहतात. (लिंका मात्र सिनाट्राच्या ‘यूआरएल’ मदतनिसाकडून काढून घ्या. हाताने ‘/थकबाकी’ लिहिलीत तर ती मागणी मोठ्या ॲपकडे जाते आणि ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, हाती येतो.)

आता ‘चढवणे’. हा शब्द चुकीचा नाही, पण त्याची जागा वेगळी आहे, आणि सोलापूरकराला ती शोधायला लांब जायला नको. मागावर बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) चढवतात; संपला की उतरवतात, नवा चढवून धागे सांधतात. जॅकार्ड मात्र मागावर बसवतात. त्याची स्वतःची यंत्रणा असते, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची स्वतःची माळ असते; नक्षी ते ठरवतं, गती माग पुरवतो. छोट्या ॲपचं नातं नेमकं हेच आहे. संगणकातला ‘माउंट’ मुळात टेपची रिळं आणि डिस्कचे गठ्ठे यंत्रावर लावण्यावरून आला, म्हणून डिस्कला, पेनड्राइव्हला ‘चढवणे–उतरवणे’ शोभतं. ॲपला ‘बसवणे’.

कुणी म्हणेल, ‘बसवणे’ तर इन्स्टॉलसाठी लागेल. पण बोलताना आपण मोबाईलमध्ये ॲप ‘टाकतो’, ‘घेतो’. ‘बसवणे’ मोकळाच आहे, आणि गणपती, घट, नळ, मोटार यांच्यामुळे त्यात ‘नेमून दिलेल्या जागी, व्यवस्थित’ हा अर्थ आधीपासून मुरलेला आहे. तो मला फार मोलाचा वाटतो, कारण माउंटमध्ये जागा, म्हणजे पत्त्याचा पहिला तुकडा, हाच मुख्य मुद्दा असतो.

फ्लास्कच्या (पायथन भाषेतली अशीच एक चौकट) ब्लूप्रिंटला मात्र हा शब्द लावू नका. ब्लूप्रिंट म्हणजे स्वतंत्र ॲप नव्हे, राउटांचा एक गठ्ठा. त्याचे राउट मुख्य ॲपवरच नोंदवले जातात, सेटिंगही मुख्य ॲपचीच. तिथे ‘जोडणे’ म्हणा, ‘अंतर्भूत’ही चालेल. त्याच फ्लास्कमध्ये डिस्पॅचरने (पत्ता बघून मागणी योग्य ॲपकडे धाडणारा) दोन पूर्ण ॲप्स शेजारी ठेवलीत तर पुन्हा ‘बसवणे’.

तुमच्या पत्रकात लिहा : ‘हिशेबाचं ॲप /हिशेब या पत्त्यावर बसवलं आहे.’ ‘पत्त्यावर’च लिहा, ‘पत्त्यामध्ये’ नको. गणपतीही आपण पाटावरच बसवतो.