टीडीएस 380 आला, म्हणजे बोअरचं पाणी प्यायला चालेल का?

तेवढ्यावरून सांगता येत नाही, आणि किनवट तालुक्यातला बोअर असेल तर मुळीच नाही.

तुम्ही लिहिलंय की आरओ विकणाऱ्याने मीटर बुडवून 380 दाखवलं आणि घरात तान्हं बाळ आहे. ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतं आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजेच टीडीएसचा, अंदाज देतं. क्षार कोणते, ते त्याला कळत नाही. फ्लोराइडची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम. दुसरं पाणीच नसेल तर 1.5. तुमच्या पाण्यात ते 3 असलं तरी 380 च्या आकड्यात दिसणार नाही. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे, पण नांदेडच्या पूर्व कडेला, तुमच्याकडे, ग्रॅनाइट लागतो आणि त्यातून फ्लोराइड उतरतं. गावातल्या पोरांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात का, तेही बघा; ती जास्त फ्लोराइडची खूण असू शकते.

(दोन सळ्यांचं यंत्र सोडून पाणी तांबडं करून दाखवणारा आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तो गाळ सळईच्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं.)

दुसरं नायट्रेट. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, त्यात सवलत नाही. बोअरजवळ उकिरडा, गोठा किंवा संडासाचा शोषखड्डा असेल, नाहीतर शेतात युरिया भरपूर पडत असेल, तर ते वाढतं. बाळाला पावडरचं दूध कालवून देत असाल तर रिपोर्ट येईपर्यंत हे पाणी वापरू नका. उकळूनही उपयोग नाही; पाणी आटतं, नायट्रेट आणि फ्लोराइड तिथंच राहतं, उलट दाट होतं.

तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत करा. थोडी फी भरून खासगी बोअरचा नमुनाही घेतात. फॉर्मवर ‘रासायनिक तपासणी’ लिहाच, फ्लोराइड आणि नायट्रेट नाव घेऊन सांगा. नाहीतर फक्त जंतूंची तपासणी होऊ शकते, ‘पिण्यास योग्य’ असा कागद मिळतो आणि माणूस निर्धास्त होतो.

नमुना टाकीतला नको. बोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, लिटरभराची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, जागा-तारीख लिहा आणि त्याच दिवशी पोचवा. कोल्ड्रिंकची बाटली नको.

जलजीवन मिशनची तपासणी पेटी ग्रामपंचायतीत असेल तर आधी तिच्यात बघायला हरकत नाही. पण तिथं रंग जुळवून अंदाज घेतात, त्यामुळे फ्लोराइड 1 च्या आसपास आलं की प्रयोगशाळाच गाठा. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर तपासा, आकडे बदलतात.

रिपोर्ट आला की ते दोन आकडे इथं टाका, आरओ घ्यायचा की नाही ते मग बघू.