१९ वर्षांच्या पोरानं चॅम्पियनला हरवलं, तर तो फ्लूक की पोरगा खरंच भारी, हे एका मॅचवरून कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा आवडता टेनिस चॅम्पियन एका नवख्या पोराकडून हरला, आता निम्मे मित्र फ्लूक म्हणतायत आणि निम्मे म्हणतायत नवा राजा आला, तर खरं काय मानायचं.

सरळ सांगते. पाच सेटच्या मॅचमध्ये फ्लूक नसतो. बॉल नेटच्या पट्टीला लागून पलीकडे पडला, एखादा पॉइंट नशिबानं मिळाला, इथपर्यंत ठीक आहे, फार तर एखादा गेम तसा जाईल. पण चॅम्पियनकडून तीन सेट काढून घ्यायचे म्हणजे तीन-चार तास त्याच्यापेक्षा चांगलं खेळावं लागतं, दुसरा रस्ता नाही. नवा राजा वगैरे एका मॅचवर ठरत नाही हेही खरं, पण ती माणसं निदान जिंकणाऱ्याचं कौतुक तरी करतायत. मला चीड येते ती फ्लूकवाल्यांची, आणि ही चीड जुनी आहे.

२००१ चं विम्बल्डन, चौथी फेरी, पीट सॅम्प्रस विरुद्ध फेडरर. ही मॅच आता सगळ्यांना माहितीये, पण त्या दिवशी फेडररला ओळखत कोण होतं? १५ वं सीडिंग, म्हणजे मानांकन, मागे बांधलेले केस, चिडका म्हणून थोडंफार नाव, बास. आणि समोर सॅम्प्रस, सात वेळचा विजेता, सलग चार वर्षं जिंकलेला, तिथं सलग ३१ मॅच न हरलेला. १९९३ पासून त्या दिवसापर्यंत विम्बल्डनवर तो एकदाच हरला होता, १९९६ मध्ये क्रायचेककडून. मी सॅम्प्रसची कट्टर फॅन होते, माझ्या कपाटाच्या दाराला आतून त्याचा फोटो चिकटवलेला होता, आणि चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, माझ्यापेक्षा कट्टर. त्याच्याच घरी मॅच बघत होतो. तो पूर्ण मॅच सोफ्याच्या मागं उभा राहून बघत होता कारण तो खाली बसला की सॅम्प्रसची सर्व्हिस ब्रेक होते (म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचा गेम हातातून जातो) असं त्याचं ठाम मत, आणि मला पण मध्ये उठू देत नव्हता.

पहिला सेट फेडररनं टायब्रेकवर (६-६ झाल्यावरचा निर्णायक गेम) घेतला तेव्हा दादा म्हणाला काही नाही, पीट उशिरा गरम होतो. दुसरा सॅम्प्रसनं घेतला, तेव्हा बघ म्हटलं होतं ना. तिसरा पुन्हा फेडरर. चौथ्याच्या टायब्रेकमध्ये सॅम्प्रसनं त्याला ७-२ असा धुतला आणि दादानं काकूला आतून बोलावून आणलं की ये ये, आता मजा बघ, पोरगा आता कोसळणार. मला पण तेच वाटायला हवं होतं खरं तर, पण मी त्या पोराकडं बघत होते, त्याचा चेहरा काही बदलला नव्हता. सेट गेल्यावर नवखी पोरं एकतर घाई करतात नाहीतर बॉल नुसता आत ढकलायला लागतात. हा दोन्ही करत नव्हता. पाचव्या सेटमध्ये ४-४ वर सॅम्प्रसला ब्रेक पॉइंट मिळाले, तेव्हा आमच्याकडं कुणी श्वास घेत नव्हतं, आणि तिथंही तो सर्व्ह करून पुढंच आला, नेटवर, सॅम्प्रसच्या घरात सॅम्प्रसचाच खेळ. ते पॉइंट वाचवले तेव्हाच मला कळलं होतं. मग ५-६ वर सॅम्प्रसची सर्व्हिस, मॅच पॉइंट, आणि फेडररनं फोरहँड रिटर्न सरळ लाइनवरून मारला, सॅम्प्रस नेटकडं धावत येत होता आणि बॉल त्याच्या बाजूनं निघून गेला. ३ तास ४१ मिनिटं. फेडरर गुडघ्यावर कोसळला आणि दादानं टीव्ही बंद केला.

हात मिळवायच्या आत बंद केला. मी रिमोट हिसकावून परत लावला, मला ते बघायचं होतं, माझा माणूस हरला होता तरी बघायचं होतं. मी रडत होते आणि रडतच म्हणाले, दादा, हा पोरगा विम्बल्डन जिंकणार बघ. तर म्हणे, गप गं, तुला काय कळतं टेनिसमधलं, पीट म्हातारा झालाय म्हणून हरला, नशीब त्या पोराचं. सॅम्प्रसला तेव्हा तिशीसुद्धा लागली नव्हती हो! २९ व्या वर्षी म्हातारा? आणि त्याच म्हाताऱ्यानं पुढच्या वर्षी यूएस ओपन जिंकून दाखवलं, फायनलमध्ये अगासीला हरवून. म्हणजे दादाला पोरगाही कळला नाही आणि स्वतःचा चॅम्पियनही कळला नाही.

पुढं काय झालं तेही ऐका, कारण तुमच्या ग्रुपमध्ये हेच होणारे. फेडरर पुढच्याच मॅचमध्ये हेन्मनकडून हरला, दादा खूश. २००२ मध्ये पहिल्याच फेरीत आन्चिच नावाच्या १८ वर्षांच्या, पात्रता फेऱ्या खेळून आलेल्या क्वालिफायरनं त्याला सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवलं, तेव्हा तर दादाचा खास फोन आला मला, काय गं, कुठं गेला तुझा चॅम्पियन. आणि २००३ ला फेडरर विम्बल्डन जिंकला, तिथून धरून सलग पाच, शेवटी एकूण आठ. आणि आता सगळे जमले की हाच दादा चारचौघांत सांगतो, मी तर त्याला सॅम्प्रसच्या मॅचमध्येच ओळखलं होतं. माझ्या तोंडावर सांगतो! काकू साक्षीला आहे पण ती म्हणते जाऊ दे गं, इतकी वर्षं झाली. का जाऊ द्यायचं?

असो. तुमच्या प्रश्नाकडं येते.

जिंकण्यापेक्षा तो कसा जिंकला ते बघा. सेट हातातून गेल्यावर पुढच्या दोन-तीन गेममध्ये काय केलं? ब्रेक पॉइंट समोर असताना सेकंड सर्व्ह किती जोरात टाकली? चॅम्पियनचा जो आवडता शॉट आहे तिकडंच बॉल टाकायची हिंमत केली का? ज्याच्याकडं हे आहे तो टिकतो. नुसते डोळे मिटून विनर (समोरच्याला पोचताच येत नाही असे शॉट) मारणारा एखाद्या दिवशी सगळ्यांना उडवतो आणि दोन दिवसांनी त्याचेच सगळे शॉट बाहेर जातात. दुसरं म्हणजे चॅम्पियनचा खेळ जगानं वर्षानुवर्षं टीव्हीवर बघितलेला असतो, मोठ्या पॉइंटला तो सर्व्ह कुठं टाकतो हे पोराला पाठ असतं, उलट पोराचा खेळ चॅम्पियननं बघितलेलाच नसतो. ही सवलत पहिल्या भेटीत मिळते, दुसऱ्या भेटीत नाही. म्हणून त्यांची पुढची गाठ बघा, ती जास्त सांगून जाते.

पण मोठा होईल की नाही यावर आजच्या विजयाची किंमत ठरवू नका, हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. २००२ मध्ये विम्बल्डनवर सॅम्प्रसला बास्टलनं हरवलं, क्वालिफाइंगमध्ये हरून लकी लूझर म्हणून आत आलेला माणूस, जगात १४५ वा. तो पुढं कधी मोठा झाला नाही. म्हणून तो विजय खोटा का? पाच सेट खेळून जिंकलाय तो. किरियोसनं २०१४ मध्ये १९ व्या वर्षी, वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी दिलेल्या खास जागेवर) येऊन, नंबर एक असलेल्या नदालला विम्बल्डनवर हरवलं, पुढच्याच फेरीत राओनिचकडून हरला, सिंगल्सचं एकही ग्रँड स्लॅम त्याच्या नावावर नाही, तरी त्या दिवशी त्यानं पायांमधून मारलेला विनर बघा आणि मग फ्लूक म्हणून दाखवा. उलटं उदाहरणही आहे, १९८९ च्या फ्रेंच ओपनमध्ये १७ वर्षांच्या चँगनं पहिले दोन सेट घालवून लेंडलला हरवलं, पायात गोळे आलेले, पाचव्या सेटमध्ये अंडरआर्म, म्हणजे हात खालून फिरवून, सर्व्ह टाकून पॉइंट काढला. लेंडलवाल्यांना ते अजून पचत नाही. पोरगा स्पर्धाच जिंकून गेला.

आणि चाहत्यांच्या वागण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीये तरी बोलते. २०१८ च्या यूएस ओपन फायनलला ओसाकानं सेरेनाला ६-२, ६-४ हरवलं आणि बक्षीस समारंभात स्टेडियम हुर्यो करत होतं. २० वर्षांची पोरगी पहिलं ग्रँड स्लॅम जिंकून, टोपी डोळ्यांवर ओढून रडत होती आणि लोकांची माफी मागत होती. शेवटी सेरेनालाच सांगावं लागलं की आता पुरे करा. लोकांचा राग पंचावर होता म्हणतात, असेलही, त्या मॅचमध्ये पंचानं सेरेनाचा एक अख्खा गेम कापला होता. पण समोर उभी कोण होती? आपला माणूस हरल्यावर वाईट वाटणं वेगळं आणि जिंकणाऱ्याच्या तोंडातला घास काढणं वेगळं, आणि हे आमच्या दादासारखे लोक घरी सोफ्यामागं उभे राहून रोज करतात.

एक गोष्ट राहिली, दुखापतीची. चॅम्पियन अर्ध्यात मॅच सोडून गेला किंवा त्याला धड धावताच येत नव्हतं, तर वरचं सगळं जरा बाजूला ठेवा. पण त्यातही घाई नको. २००९ ला सोडरलिंगनं नदालला फ्रेंच ओपनमधली त्याची पहिलीच हार दिली तेव्हा (सोडरलिंग काही पोरगा नव्हता, २४ चा होता) सगळे नदालचे गुडघे गुडघे करत बसले, आणि गुडघे खरंच दुखत होते, त्या वर्षी तो विम्बल्डन खेळला नाही. पण सोडरलिंग फायनलपर्यंत गेला आणि पुढच्या वर्षी तिथंच गतविजेत्या फेडररला हरवून परत फायनलला पोचला. आता त्याचंही गुडघ्यांवर ढकलणार का? तसंच महिलांच्या मॅच आणि बहुतेक स्पर्धा तीन सेटच्या असतात, तिथं चॅम्पियनला सावरायला वेळ कमी मिळतो हेही धरा.

तुमच्या त्या पोराची मॅच मी बघितलेली नाही त्यामुळे तो पुढं काय करेल ते मी सांगणार नाही. तुम्ही बघितलीये ना, मग तुम्हाला काय वाटतं ते आजच ग्रुपवर लिहून टाका, तारखेसकट, आणि फ्लूकवाल्यांनाही लिहायला लावा. स्क्रीनशॉट काढून ठेवा. आमच्या वेळी ही सोय नव्हती.