प्रत्येक नावाखालची रिकामी ओळ

डॅलसच्या उत्तरेकडच्या एका गावातून या सदराला चार पानी पत्र आलं आहे. पत्र लिहिणारी सोळा वर्षं अमेरिकेत आहे, नवराबायको दोघंही नोकरी करतात, एकुलता एक मुलगा अकरावीत आणि सासूबाई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या. पत्रात काळज्या चार आहेत. तीन मी शेवटी पटकन उरकणार आहे, कारण चौथी वाचून मला रात्री झोप लागली नाही.

ती लिहिते, "मावशी, लेकाचं नाव यंदा शाळेच्या व्हार्सिटी, म्हणजे मुख्य, बेसबॉल टीममध्ये आलं, पण अख्ख्या मोसमात आठ-नऊ वेळाच मैदानात उतरला, तोही दुसऱ्याच्या जागी पळायला. आता टीम राज्य स्पर्धेच्या रीजनल क्वार्टरफायनलला पोचली आहे. सामने आमच्यापासून अडीच तासांवर, गुरुवारी, शुक्रवारी आणि बरोबरी झाली तर शनिवारी. हे म्हणतात, बाकावर बसलेला मुलगा बघायला दोन दिवसांची रजा कशाला घालवायची? मलाही पटतं. त्या खेळातलं आम्हाला काही कळत नाही. तीन तास बसून राहायचं आणि बाकीचे ओरडले की टाळ्या वाजवायच्या. स्कोअर फोनवर दिसतोच. शिवाय लेकच म्हणाला, तुम्ही नाही आलात तरी चालेल."

अगं, हे शेवटचं वाक्य मी ऐकलेलं आहे. माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून माझ्या थोरल्याने म्हटलं होतं, मे २००४ मध्ये, आणि मी त्यावर विश्वास ठेवला.

तेव्हा आम्ही ह्यूस्टनच्या नैऋत्येला राहत होतो. थोरला तुझ्या लेकासारखाच अकरावीत, तुझ्या लेकासारखाच बाकावर. त्यांची टीमही रीजनल क्वार्टरफायनलला पोचली होती. सामना एक की तीन, हे त्या वेळी दोन्ही कोच मिळून ठरवत आणि त्यांचं जमलं नाही तर नाणेफेक व्हायची. नाणं आमच्या विरुद्ध पडलं. एकच सामना, हरलात की घरी. शनिवारी दुपारी. त्याच शनिवारी आमच्या स्नेह्यांकडे वास्तुशांत होती आणि साठ माणसांच्या पुरणपोळ्या मी अंगावर घेतलेल्या. "जा तू, तसाही बसूनच असतोस ना," असं मी त्याला म्हटलं. हे शब्द मला पुसून टाकता आलेले नाहीत.

रात्री दहाला तो आला. पांढरी पँट डाव्या गुडघ्यापासून कमरेपर्यंत लाल मातीने भरलेली. तिथल्या मैदानांची ती माती तू पाहिली असशील, विटेच्या चुऱ्यासारखी. मी विचारलं, "जिंकलात का?" "हरलो," म्हणाला आणि आंघोळीला गेला. मी ती पँट रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवली, सकाळी ब्रशने घासली, तरी गुडघ्यापाशी गुलाबी डाग राहिला तो राहिलाच. बाकावर बसणाऱ्या मुलाच्या पँटला इतकी माती कुठून लागली, हा प्रश्न मला पडला नाही. डाग कसा जाईल, एवढाच पडला.

पुढे काय झालं ते सांगते, पण त्याआधी वही.

तू म्हणतेस खेळातलं काही कळत नाही. सोळा वर्षांत तुम्ही दोघं इथल्या कराचे फॉर्म शिकलात, घराच्या कर्जातले व्याजाचे टक्के शिकलात, व्हिसाच्या कागदांची कलमं तुला तोंडपाठ असतील. हे मी तुझ्या मनाला लागावं म्हणूनच लिहिते आहे. खेळ कळत नाही असं नसतं गं, शिकायला कुणी बसलेलं नसतं. आणि बेसबॉल शिकायचा सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे स्कोअरबुक. फोन नव्हे. फोनवर स्कोअर येतो, आणि स्कोअर बघून माणूस पुन्हा भांडी लावायला लागतो. खेळाच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात तारेने बांधलेली लांबट वही मिळते, ती घे.

पान उघडलंस की डावीकडे नऊ नावं आणि पुढे इनिंगचे रकाने. शाळेच्या सामन्यात सात इनिंग असतात. प्रत्येक चौकोनात एक छोटा डायमंड, म्हणजे चार बेसचा तिरका चौकोन, छापलेला असतो. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला की उजवीकडची खालची रेघ गिरवायची, दुसऱ्यावर गेला की वरची, असं करत होम प्लेटपर्यंत, म्हणजे निघाला तिथे परत, आला की डायमंड पुरा होतो, तो पेन्सिलीने भरून टाकायचा. ती धाव. मैदानावरच्या जागांना आकडे आहेत: पिचर (चेंडू फेकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६ आणि बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसला फेकला आणि फलंदाज बाद झाला, की लिहायचं ६-३. तीन स्ट्राइक होऊन बाद झाला, म्हणजे स्ट्राइकआऊट, तर इंग्रजी के. तिसरा स्ट्राइक बॅट न फिरवता नुसता बघत राहिला तर तोच के उलटा. एवढ्यावर तुझा पहिला सामना निभावून जाईल.

हा के कुठून आला ते कळल्यावर मला हा खेळ परका वाटेनासा झाला. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांतला तक्ता, घडवला हेन्री चॅडविकने. जन्म १८२४ चा, इंग्लंडमधल्या एक्झेटरचा, लहानपणीच अमेरिकेत आलेला आणि सुरुवातीला क्रिकेटचे वृत्तांत लिहिणारा. 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर त्याने खुणेसाठी घेतलं. क्रिकेटचा हिशेब डोक्यात असलेल्या माणसानेच ही वही आखली. माझे अप्पा दादरच्या एका क्लबाचे स्कोअरर होते, कांगा लीगमध्ये भर पावसात मांडीवर प्लास्टिक घेऊन बसायचे. ते २००७ मध्ये आमच्याकडे आले तेव्हा माझी वही बघून दोन इनिंगमध्ये सगळं समजले. म्हणाले, "अगं, ही आपलीच चोपडी. चौकोनात बसवलेली."

आता तुझ्या लेकाचं. वहीत प्रत्येक नावाखाली एक ओळ रिकामी ठेवलेली असते. ती का, ते मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. ती बाकावरच्या मुलाची. कोणी बदली म्हणून आला की त्याचं नाव तिथे, मूळ खेळाडूच्या खाली, लिहायचं. तुझा लेक दुसऱ्याच्या जागी पळतो ना? मग कॅचर किंवा धिम्या पायांचा दुसरा कुणी बेसवर पोचतो आणि सामना एका धावेवर अडलेला असतो, तेव्हा कोच या मुलाकडे बघतो. एरवीही तो नुसता बसलेला नसतो. कोण पिचरचा सराव करून घेतो आहे, कोण पहिल्या बेसच्या कोचशेजारी उभा आहे, कोण पिचर किती चेंडू फेकतो ते मोजतो आहे, हे बघ.

ती मोजणी मोठी गोष्ट आहे, ह्यांना मुद्दाम सांग, आकडे आवडणाऱ्या माणसाला हे आवडेल. २०१७ च्या मोसमापासून प्रत्येक राज्याला शाळेतल्या पिचरांसाठी चेंडूंची मर्यादा घालावी लागली, मुलांचे कोपर आणि खांदे निकामी होऊ नयेत म्हणून. टेक्सासमध्ये व्हार्सिटीला दिवसाला ११०. पंच्याऐंशीच्या वर गेला की चार दिवस विश्रांती. एकतीस ते पंचेचाळीसमध्ये थांबला तर एकच दिवस. म्हणजे गुरुवारी समोरच्यांचा हुकमी पिचर चाळीसला थांबवला तर तो शनिवारी पुन्हा तुमच्यापुढे उभा राहील, आणि सत्त्याऐंशीपर्यंत गेला तर मालिकेतून बाद. तुमचे फलंदाज चेंडू सोडून सोडून त्याला दमवतात ते याचसाठी. हे कळलं की तीन तास बसवत नाहीत असं होत नाही, श्वास रोखून बसावं लागतं.

आता २००७. धाकटा त्याच टीममध्ये आला आणि या वेळी मी ठरवून जाऊ लागले. आमच्याच रांगेत एक आजी बसायच्या, उन्हाची टोपी, मांडीवर वही, कानामागे पेन्सिल. त्यांचे दोन नातू त्याच शाळेतून खेळले. मी वाकून वाकून बघायची, म्हणून त्यांनीच एक दिवस वही माझ्या हातात दिली आणि चुका खोडून देत शिकवलं. मोसम संपत आला तेव्हा त्या जुन्या वह्या पिशवीत घालून घेऊन आल्या. २००४ चं ते पान त्यांनी माझ्यासमोर उघडलं.

सातवी इनिंग, आमची टीम एका धावेने मागे. कॅचरच्या चौकोनात दोन रेघा, म्हणजे तो दुसऱ्या बेसवर पोचलेला. तिथे एक आडवी खूण आणि शेजारी बारीक अक्षरात १४. चौदा नंबर माझ्या थोरल्याचा. पुढच्या चौकोनात ४-३, म्हणजे फलंदाज बाद, पण चौदा नंबर तिसऱ्या बेसवर. त्याच्या पुढच्यात उंच झेल, ९. झेल घेतला जाताक्षणी तिसऱ्या बेसवरून निघून तो होम प्लेटकडे धावला होता. डायमंड भरलेला, काळाभोर. बरोबरीची धाव. नवव्या इनिंगमध्ये टीम हरली ती हरली, पण सामना तिथपर्यंत गेला तो त्या धावेमुळे. कॅचरच्या नावाखालच्या रिकाम्या ओळीत त्या आजींनी माझ्या मुलाचं नाव लिहिलं होतं, स्पेलिंग अगदी बरोबर. "प्लेटपाशी काय घसरत आला होता तो! सगळे उभे राहिलो होतो आम्ही," त्या म्हणाल्या.

तीन वर्षं मला माहीत नव्हतं. मी त्याला फोन केला, तो कॉलेजात होता. "सांगितलं का नाहीस रे?" तो म्हणाला, "आई, तू पँटबद्दल विचारत होतीस." राग नव्हता त्याच्या आवाजात. असता तर बरं झालं असतं.

म्हणून तुला मायेनेच रागावते आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. आपली मुलं "नाही आलात तरी चालेल" म्हणतात, ती आपली सोय बघून म्हणतात. आईबाबांची रजा, आजीचं दुखणं, रविवारची मराठी शाळा, सगळं त्यांना ठाऊक असतं. बाकीच्या मुलांच्या घरचे तीन पिढ्या त्या बाकड्यांवर बसत आलेले असतात, आपल्या मुलाच्या मागे कोण बसलं आहे ते सगळ्या टीमला दिसतं. आणि तुझ्या ह्यांचा प्रश्न, बाकावरच्या मुलासाठी रजा कशाला? त्यांना विचार, पुण्यात स्नेहसंमेलनात ते झाड झाले असतील किंवा पडदा ओढला असेल, तेव्हा त्यांची आई आली होती का? सासूबाई घरातच आहेत, उत्तर लगेच मिळेल.

अंतराचीही तक्रार करू नकोस. टेक्सासच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे या बाद फेऱ्यांत, एल पासोकडची शाळा फोर्ट वर्थकडच्या शाळेसमोर आली तर सहाशे मैलांचा प्रश्न असतो, आणि तिथलेही आईबाप निघतात. तुझे अडीच तासच आहेत. जिंकले तर पुढे रीजनल सेमीफायनल, मग फायनल, आणि जूनच्या सुरुवातीला राज्य पातळी. रजा थोडी शिल्लक ठेव.

राहिलेल्या तीन गोष्टी. एपीचे (कॉलेजच्या पातळीच्या विषयांचे) पेपर या धामधुमीत कसे गेले याची चिंता आता करून उपयोग नाही, ते मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत झाले, निकाल जुलैत. पुढच्या वर्षी सामना आणि पेपर एकाच दिवशी येतील असं दिसलं तर शाळेतल्या एपी समन्वयकाला आधीच भेट, अशा वेळी उशिराच्या तारखेला पेपर देण्याची सोय असते. अभ्यासाकडे तो दुर्लक्ष करेल म्हणतेस, तर टेक्सासमध्ये १९८४ पासून कायदाच आहे, विषयात सत्तरच्या खाली गेला की खेळ बंद. कोचला तुझ्याइतकीच काळजी आहे.

बसमधल्या शाकाहारी जेवणाचं: दशम्या, बटाट्याची सुकी भाजी. शेंगदाण्याची चटणी नको, टीममध्ये कुणाला तरी त्याची अ‍ॅलर्जी असते.

सासूबाई कंटाळतात, नातू मराठी बोलत नाही, हे तू दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहिलं आहेस. त्यांना गाडीत घे. उशी, टोपी, पाण्याची बाटली. संध्याकाळी सातचा सामना असला तरी मेमधली ती लोखंडी बाकडी तापलेली असतात, खाली जाड चादर घाल. नातू डगआउटमधून, टीमच्या बाकावरून, आजीकडे बघेल तेव्हा कुठल्या भाषेत हात हलवतो ते नंतर मला सांग.

हे उत्तर सदरात यायचं तेव्हा येईल, तुला मी आज रात्रीच पाठवते आहे, कारण सामना गुरुवारी आहे. उद्या वही घे. पेन्सिली दोन, मागे खोडरबर असलेल्या, पेन चालत नाही. पहिल्या इनिंगमध्ये गोंधळ उडेल, शेजारच्या वहीवाल्या माणसाला विचार, ते आनंदाने सांगतात. तुमच्या टीमची नऊ नावं गाडीतच लिहून ठेव, प्रत्येकाखालची ओळ मोकळी सोडून. आणि सामना संपला की त्या पानाचा फोटो मला पाठव, हरले तरी.