फ्रिस्कोत घर घेताय? बास्केटबॉलच्या खांबाचं आधी विचारा
तुम्ही विचारलंत, टेक्ससमध्ये फ्रिस्कोला घर बघतोय, एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची, फी म्हणजे आपल्या सोसायटीचा मेंटेनन्सच ना? 2013 मध्ये चिंचवडहून आले तेव्हा मीही तसंच धरून चालले होते.

मेंटेनन्समध्ये लिफ्ट, पाण्याची टाकी, वॉचमन येतात. इथे स्वतंत्र घर असलं की छप्पर, कुंपण, गवत सगळं तुमचंच. आम्ही वर्षाला 900 डॉलर भरतो ते स्विमिंग पूल, क्लबहाउस आणि वाटांवरच्या झाडांसाठी. पूलमध्ये शेवटचं कधी उतरलो आठवत नाही. फी थकली तर टेक्ससमध्ये एचओए घरावर जप्ती आणू शकते, नुसता दंड थकला तर नाही. जुनं घर घेत असाल तर रिसेल सर्टिफिकेट मागा, आधीच्या मालकाची थकबाकी आणि नियमभंग त्यात कळतात. दारावरच्या तोरणाची चिंता नको. धार्मिक वस्तू दाराला लावायची मुभा 2011 पासून कायद्यात आहे, 2021 मध्ये ती अंगणापर्यंत वाढली.

बाकी बँक आणि एजंट सांगतीलच. मला सांगायचंय ते त्या खांबाचं.

मुलगा तिसरीत होता. शाळेत डबा उघडला की बाकीची मुलं सरकून बसायची. बाईंना दोनदा भेटले, दोन्ही वेळा तो छान रुळतोय असंच उत्तर मिळालं. मग आम्ही ड्राइव्हवेच्या कडेला चाकांवरचा बास्केटबॉलचा खांब आणून ठेवला. आठवड्याभरात गल्लीतली चार मुलं रोज संध्याकाळी यायला लागली. मी सरबत करायचे. त्या घरात आल्यापासून बेल वाजली की पहिल्यांदाच बरं वाटायचं.

दीड महिन्यानं एचओएचं काम बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीचं पत्र आलं, खांबाच्या फोटोसकट. समोरून दिसतो, हलवा, नाहीतर दंड. चिंचवडला सेक्रेटरींच्या दारात जाऊन भांडले असते. इथे नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला. मला वाटलं, अशा पत्राची कुठेतरी नोंद होत असेल. एचओएचा व्हिसाशी काडीचा संबंध नाही, पण तेव्हा विचारणार कुणाला? त्याच रात्री खांब मोडून गॅरेजमध्ये टाकला. तीस दिवसांत बोर्डापुढे सुनावणी मागता येते, हे त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर होतं. मी दुसरं पान उलटलंच नाही. मुलं आणखी दोन-तीनदा आली, मग यायची थांबली.

एकटेपणाचंही विचारलंत. कार्यसिद्धी हनुमान मंदिर आहे, गणपतीत मराठी माणसं भेटतात. होतं सगळं.

गेल्या वर्षी पहिल्यांदाच एचओएच्या वार्षिक सभेला गेले. आम्ही नऊजण होतो. मी खांबाचं विचारलं. बोर्डावरच्या बाई म्हणाल्या, त्यासाठी एक पानाचा अर्ज आहे, बहुतेकांना परवानगी मिळते. पूर्वीपासून आहे का, विचारलं. होता म्हणाल्या.

तेव्हा सही करण्याआधी तो अर्ज मागून घ्या. पत्र आलं तर दोन्ही पानं वाचा आणि सुनावणी मागा, कितीही नवे असलात तरी. मुलगा आता ऑस्टिनला शिकतो. त्या चौघांची नावं त्याला अजून पाठ आहेत.