भावी पिढ्यांच्या हितासाठी कायदा केल्याने सरकारचे निर्णय खरोखर बदलतात का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: असा कायदा केल्याने काही फरक पडतो का, आणि पडत असल्यास त्यात नेमके काय असावे. सार्वजनिक प्रकल्पांच्या आर्थिक मूल्यमापनाशी कामानिमित्त माझा संबंध येतो, त्यामुळे माझे उत्तर थोडे त्या बाजूला झुकलेले असेल. माझ्या मते फरक पडतो. परंतु तो कायद्यातील उदात्त शब्दांमुळे नव्हे, तर निर्णय होण्यापूर्वी कोणाला कोणता प्रश्न विचारता येतो आणि त्याचे लेखी उत्तर देणे कोणावर बंधनकारक असते, यामुळे पडतो.

या बाबतीत सर्वाधिक उल्लेख होतो तो वेल्सच्या 2015 सालच्या कायद्याचा. त्याने सार्वजनिक संस्थांसमोर सात उद्दिष्टे ठेवली, आणि त्यांत पर्यावरणाबरोबरच आरोग्य, समानता आणि वेल्श भाषा यांनाही स्थान दिले. दीर्घकालीन विचार, समस्या उद्भवण्यापूर्वी प्रतिबंध आणि लोकसहभाग हे कार्यपद्धतीचे भाग ठरवले, आणि यावर लक्ष ठेवण्यासाठी स्वतंत्र आयुक्त नेमला. या आयुक्ताला कोणताही निर्णय रद्द करता येत नाही. तो परीक्षण करून शिफारशी करतो, आणि संबंधित संस्थेला त्यांवरील आपले उत्तर प्रसिद्ध करावे लागते. न्यायालयात हा कायदा फारसा टिकाव धरत नाही. 2019 मध्ये एक शाळा बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध त्याचा आधार घेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यातील कर्तव्ये फारच सर्वसाधारण स्वरूपाची असल्याचे कारण देऊन न्यायालयाने दाद दिली नाही. मात्र त्याच वर्षी न्यूपोर्टजवळचा एम-4 महामार्गाचा पर्यायी रस्ता मुख्यमंत्री मार्क ड्रेकफर्ड यांनी नाकारला. चौकशी अधिकाऱ्यांची शिफारस रस्त्याच्या बाजूने होती, खर्च शंभर कोटी पौंडांहून अधिक होता आणि भावी पिढ्यांच्या आयुक्त सोफी हाव यांनी प्रकल्पाला उघड विरोध केला होता. हा निर्णय केवळ कायद्यामुळे झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण खर्च आणि पाणथळ प्रदेशाची हानी ही कारणे स्वतंत्रपणेही पुरेशी वजनदार होती. तरीही एरवी वाहतूक कोंडीपुरता मर्यादित राहिला असता असा वाद या कायद्यामुळे पुढच्या काही दशकांच्या भाषेत मांडला गेला.

याउलट, अधिक अधिकार असलेल्या संस्थांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. इस्रायलच्या संसदेने 2001 मध्ये भावी पिढ्यांसाठी आयोग नेमला. विधेयकांवर मत मांडण्यासाठी त्याला वेळ मागता येत असे, आणि संसदेत वेळ मागणे म्हणजे बहुधा विधेयक लांबवणेच. पहिल्या आयुक्ताची मुदत 2006 मध्ये संपल्यावर दुसरा नेमलाच गेला नाही आणि पुढे ते पदच रद्द झाले. हंगेरीत 2008 मध्ये निवडलेल्या आयुक्ताला नागरिकांच्या तक्रारींची चौकशी करता येत होती. 2012 पासून नव्या राज्यघटनेनुसार ते पद लोकपालाच्या उपपदात विलीन झाले. निर्णय अडवू शकणारी संस्था सत्तेला खुपते, आणि साध्या बहुमताने उभी राहिलेली संस्था साध्या बहुमताने मोडताही येते. वेल्सचा आयुक्त टिकला त्यामागे त्याचा दुबळेपणा हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

ज्या ठिकाणी खरा निर्णय होतो, त्याची चर्चा मात्र फार कमी होते. पुढे मिळणाऱ्या लाभाचे आजचे मूल्य काढताना अर्थखाते डिस्काउंट रेट वापरते, म्हणजे लाभ जितकी वर्षे दूर, तितके त्याचे मूल्य दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी कमी धरण्याचा दर. हा दर वर्षाला 3.5 टक्के धरला, तर शंभर वर्षांनी होणाऱ्या लाभाचे आजचे मूल्य त्याच्या साधारण एकतिसाव्या भागाइतकेच उरते, 1.5 टक्के धरला, तर ते पाचव्या हिश्श्याहून अधिक भरते. म्हणजे नातवंडांच्या वाट्याला काय येणार हे संसदेतील भाषणापेक्षा एका तक्त्यातील या आकड्यावर अधिक अवलंबून असते. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या मार्गदर्शिकेत पहिली तीस वर्षे 3.5 टक्के आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने कमी होत जाणारा दर दिलेला आहे. हा दर कसा ठरवला आणि कमी दर धरल्यास निष्कर्ष बदलतो का, हे प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या अहवालात लिहिणे सक्तीचे करणारे एक कलम मला सात उद्दिष्टांहून मोलाचे वाटते.

अशा कायद्यांवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो: आजच्या संसदेने उद्याच्या मतदारांचे हात का बांधावेत? जर्मनीच्या घटना न्यायालयाने मार्च 2021 मध्ये हा आक्षेप जवळजवळ उलटा फिरवला. 2019 च्या हवामान कायद्यात 2030 पर्यंतच्या उत्सर्जनाचे आकडे होते, पण पुढच्या काळाची तरतूद अपुरी होती. आज कपात पुढे ढकलल्यास 2030 नंतरच्या नागरिकांवर इतका भार पडेल की त्यांच्या स्वातंत्र्यावरच कठोर बंधने येतील, असे म्हणून न्यायालयाने तो कायदा अंशतः घटनाबाह्य ठरवला, आणि त्याच वर्षी सरकारने कार्बन-तटस्थतेचे उद्दिष्ट 2050 वरून 2045 वर आणले. भावी पिढ्यांप्रती जबाबदारी सांगणारे कलम तेथील राज्यघटनेत 1994 पासूनच होते. हवामान कायद्याने वर्षनिहाय आकडे मांडल्यावरच त्या कलमाच्या कसोटीवर तपासता येईल असे काही न्यायालयाच्या हाती लागले.