मांजरी भावाच्या, दमा मुलीला, घर सर्वांचे

प्रश्न : ठाण्यातील दोन बेडरूमच्या सदनिकेत मी, पत्नी, आठ वर्षांची मुलगी, आई आणि धाकटा अविवाहित भाऊ असे एकत्र राहतो. सदनिका वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतली होती. २०२१ मध्ये ते मृत्युपत्र न करता वारले. सोसायटीत त्यांनी माझे नॉमिनेशन केले होते, त्यामुळे शेअर सर्टिफिकेटवर आता माझे नाव आहे. बहीण लग्न होऊन नाशिकला असते. गेल्या वर्षी भावाने दोन मांजरी आणल्या आणि तेव्हापासून मुलीचा दमा बळावला. चाचणीत तिला मांजरांची ॲलर्जी निघाली आहे. मांजरी दिवसभर तिच्या अंथरुणात लोळतात आणि त्यांचा लिटर बॉक्स आमच्या खोलीच्या दाराशी असतो. आईचा मांजरींवर जीव आहे. ‘मांजरींना हात लावलास तर प्राण्यांच्या कायद्याखाली आत जाशील,’ असे भाऊ म्हणतो. तर पत्नी म्हणते, एका रात्री त्यांना मासळी बाजारात सोडून या. सदनिका माझ्या नावावर असल्याने मी भावाला मांजरींसह घराबाहेर जाण्यास सांगू शकतो का? सोसायटीकडून काही करून घेता येईल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पाया ‘सदनिका माझ्या नावावर आहे’ या समजुतीवर उभा आहे आणि ती समजूत कायद्यापुढे टिकणारी नाही. नॉमिनेशनमुळे सोसायटीला व्यवहारासाठी एक माणूस मिळतो. त्या माणसाला मालकी मिळत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले, त्यातील कलम १५४ब-१३ नुसार सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हणून घेतले जाते आणि खरे वारस निश्चित होईपर्यंतच त्याचे ते स्थान असते. कंपन्यांच्या शेअरच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये नॉमिनेशनने वारसाहक्क डावलला जात नाही असाच निर्णय दिला आहे. आपण हिंदू आहात आणि आपल्या वडिलांची आई हयात नाही असे गृहीत धरतो. तसे असल्यास हिंदू वारसा अधिनियम, १९५६ च्या कलम ८ आणि १० प्रमाणे आई, आपण, भाऊ आणि बहीण यांचा सदनिकेत प्रत्येकी एक चतुर्थांश अविभक्त हिस्सा आहे. ‘अविभक्त’ याचा अर्थ असा, की आपल्या बेडरूमसकट घराच्या प्रत्येक कोपऱ्यात भावाचाही हक्क आहे, आणि त्याच्या खोलीत आपलाही. त्यामुळे त्याला घराबाहेर जाण्यास सांगण्याचा अधिकार आपणांस नाही.

सोसायटीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिकडे वेळ घालवण्यात अर्थ नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि तशी बंदी घालणारे उपविधी बेकायदा असल्याचे केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. शिवाय आपला वाद जिना किंवा लिफ्ट यांबाबतचा नाही. चार भिंतींच्या आत कोणाची मांजर कोणाच्या गादीवर झोपते, यात व्यवस्थापक समितीने लक्ष घालावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

आता मासळी बाजाराविषयी. हा विचार कृपया आजच सोडून द्या. भावाची धमकी अतिशयोक्त आहे हे खरे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा जो अधिनियम त्याच्या मनात आहे, त्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला आजही दहा ते पन्नास रुपये इतकाच दंड आहे, आणि या आकड्यांची लाज संसदेला कधीतरी वाटायला हवी. परंतु उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा त्या कलमाखाली गुन्हाच आहे. दुसरे म्हणजे, मांजर ही भावाची जंगम मालमत्ता आहे. त्याच्या संमतीवाचून, त्याचे नुकसान व्हावे या हेतूने ती उचलून नेली, तर भारतीय न्याय संहितेखाली चोरीचा आरोप होऊ शकतो. त्या धावपळीत एखादी मांजर मेली किंवा जायबंदी झाली, तर त्याच संहितेच्या, पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेल्या कलम ३२५ ची तक्रारही ओढवू शकते. शिवाय असे काही केल्यास उद्या न्यायालयापुढे मुलीच्या आजाराऐवजी आपल्या वागणुकीचीच चर्चा होईल.

मग आपल्या हाती काय आहे? सर्वप्रथम अडचण समजून घ्या. एखादा वापर ‘उपद्रव’ ठरतो की नाही, हे कायदा सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसाच्या मापाने पाहतो. इंग्लंडमधील रॉबिन्सन विरुद्ध किल्व्हर्ट या १८८९ च्या निकालात खालच्या मजल्यावरील उष्णतेमुळे वरच्या मजल्यावर साठवलेला नाजूक तपकिरी कागद खराब झाला होता. साध्या कागदाला ती उष्णता बाधली नसती, म्हणून वादीला दाद मिळाली नाही. भावाचा वकील हेच तत्त्व पुढे करील आणि घरात मांजर असणे हा कोणत्याही मापाने उपद्रव नाही असे म्हणेल. २०२५ मधील मुंबईचे कबुतरखाने बंद करण्याच्या प्रकरणाचा दाखलाही येथे फारसा उपयोगी पडणार नाही, कारण तेथे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न होता आणि येथे एका मुलीच्या प्रकृतीचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत दम्याचा समावेश नाही, त्यामुळे त्या कायद्याचाही थेट आधार नाही.

आपली बाजू बळकट होते ती मांजरींच्या असण्यावरून वापराच्या पद्धतीकडे वळल्यावर. एका सहहिस्सेदाराला दुसऱ्याविरुद्ध सहसा मनाई हुकूम मिळत नाही. मात्र एकाचा वापर दुसऱ्याच्या उपभोगाला बाधक होत असेल, तर न्यायालय हात बांधून बसत नाही. मुलीच्या अंथरुणात मांजरींना मोकळीक देणे आणि लिटर बॉक्स तिच्या दाराशी ठेवणे या गोष्टी, डॉक्टरांचा कागद हाती आल्यानंतरही भाऊ करीत असेल, तर त्या ‘मला आवडते म्हणून’ या सबबीखाली झाकता येणार नाहीत. तात्पुरत्या मनाई हुकमासाठी सकृद्दर्शनी हक्क, सोयीचा तोल (हुकूम दिल्यास किंवा नाकारल्यास कोणाची गैरसोय अधिक) आणि भरून न येणारे नुकसान या तीन कसोट्या लावल्या जातात. मांजरी घराबाहेर काढा अशी मागणी केल्यास तोल कोणीकडे झुकेल हे सांगणे कठीण आहे. मांजरी मुलीच्या खोलीबाहेर ठेवा अशी मागणी केल्यास तो आपल्याकडे झुकण्याची शक्यता बरीच आहे.

यासाठी पुरावा नेमका हवा. ‘प्राण्यांपासून दूर ठेवावे’ एवढी एक ओळ पुरत नाही. त्वचेवरील प्रिक टेस्ट किंवा रक्तातील विशिष्ट आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) चाचणी करताना धुळीतील सूक्ष्म कीटक, झुरळे आणि बुरशी यांचीही तपासणी झालेली असावी, कारण ठाण्याच्या दमट हवेत उलटतपासणीचा पहिला प्रश्न तोच असणार. मुलगी सुटीत आजोळी गेली असता तिचा त्रास कमी झाला, हा पुरावा दिसायला चांगला असला तरी अपुरा आहे, कारण घर सुटले की मांजरींबरोबर घरची धूळही सुटते. नेब्युलायझर कधी द्यावा लागला, रात्री रुग्णालयात कधी न्यावे लागले, हे दिनांकांसह लिहून ठेवा आणि त्या त्या दिवसाचे कागद सोबत जोडा.

आपले वकील वाटपाचा दावा सुचवतील. तो हक्क आपणांस निश्चित आहे, परंतु त्यातील एक धोका अशिलांना बहुधा उशिरा कळतो. दोन बेडरूमच्या सदनिकेचे सरस-निरस मानाने, म्हणजे चांगल्या-वाईट बाजू तोलून, चार भाग पाडता येत नाहीत, त्यामुळे प्रश्न विक्रीवर येतो. वाटप अधिनियम, १८९३ च्या कलम २ प्रमाणे विक्रीची विनंती करणाऱ्यांचा एकत्रित हिस्सा निम्मा किंवा अधिक असावा लागतो. आपला एक चतुर्थांशच आहे. म्हणजे आई किंवा बहीण आपल्या बाजूने उभी राहिली पाहिजे, आणि आईचे मन कोणाकडे आहे ते आपणच लिहिले आहे. पुढे कलम ३ असे सांगते, की एखाद्या हिस्सेदाराने विक्री मागितली, तर इतर हिस्सेदारांना त्याचाच हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याची परवानगी मागता येते. याचा अर्थ असा, की मांजरी घालवण्यासाठी आपण विक्री मागितली आणि भावाने पैसे उभे केले, तर घर आपणांसच सोडावे लागेल व मांजरी तेथेच राहतील. प्राथमिक हुकूमनामा, मग अंतिम हुकूमनामा, यात कित्येक वर्षे जातात हे वेगळेच.

म्हणून माझा सल्ला असा, की दाव्याऐवजी घराच्या वापरापुरता लेखी कौटुंबिक करार करावा. केवळ वापर ठरवणाऱ्या अशा लेखाने कोणाचाही मालकी हक्क निर्माण होत नाही किंवा संपत नाही, त्यामुळे त्याची नोंदणी सहसा आवश्यक नसते. हिस्से पाडायचे किंवा सोडायचे असतील, तर मात्र नोंदणी टाळू नये. करार लिहिताना ॲलर्जीचे स्वरूप ध्यानात ठेवा. ती केवळ केसांमुळे होत नाही. मांजरीच्या लाळेत आणि त्वचेतील तैलग्रंथींत तयार होणारे फेल डी १ नावाचे प्रथिन हे तिचे मुख्य कारण आहे. त्याचे कण अतिशय सूक्ष्म असतात, हवेत तरंगत राहतात आणि कपड्यांना, पडद्यांना चिकटून खोलीखोलीत फिरतात. मांजर गेल्यानंतरही ते घरातून कमी व्हायला काही महिने लागतात. ‘पंधरा दिवस मांजरी मित्राकडे ठेवून पाहू’ अशी अट मान्य केलीत, तर पंधराव्या दिवशी मुलगी खोकतच असेल आणि भाऊ म्हणेल, बघ, मांजरींचा संबंधच नव्हता. चाचणीची मुदत काही महिन्यांची असू द्या, तिच्या सुरुवातीला गाद्या, पडदे आणि सोफा धुऊन घेण्याची अट घाला, आणि मुदतीच्या शेवटी कोणत्या डॉक्टरांचे मत ग्राह्य धरायचे हे आधीच ठरवा. मांजरी घरातच राहणार असतील, तर मुलीची खोली त्यांना पूर्ण बंद असावी, लिटर बॉक्स भावाच्या बाजूच्या बाल्कनीत जावा, साफसफाई कोणी आणि किती वेळा करायची हे लिहावे आणि हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा खर्च भावाने उचलावा. यानंतरही त्रास कमी झाला नाही, तर मांजरी दुसरीकडे चांगल्या घरी देण्यास भाऊ बांधील राहील, हे कलम आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे आणि घासाघीसही त्यावरच होईल.

हा करार साध्या कागदावर राहिला आणि भावाने तो मोडला, तर आपणांस पुन्हा दावाच लावावा लागेल. त्याऐवजी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व (दावा लावण्याआधीचे) प्रकरण म्हणून अर्ज करावा, म्हणजे ते लोकअदालतीपुढे तडजोडीसाठी ठेवता येते. त्यासाठी न्यायालयीन शुल्क लागत नाही. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीच्या निवाड्याला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्याविरुद्ध अपील करता येत नाही. अर्जापूर्वी भावाला वकिलाची नोटीस पाठवू नका, डॉक्टरांचा अहवाल मात्र लेखी पत्रासोबत देऊन पोच घ्या. अर्जात भावाबरोबर आई आणि बहीण यांनाही पक्षकार दाखवा. त्यांच्या सह्यांवाचून झालेली तडजोड त्यांच्यावर बंधनकारक नसते.