नवा बुश आठ महिन्यांत का फाटतो?

प्रश्न : माझ्या हॅचबॅकच्या मागच्या ॲक्सलचे दोन्ही बुश (रबरी सांधे) बदलून घेतले. माल अस्सल होता, तरी आठ महिन्यांत रबर फाटलं आणि खड्ड्यात ‘कट्’ असा आवाज येतो. गॅरेजवाला रस्त्यांना दोष देतो. खरं कारण काय असेल? (सातारा)

उत्तर : रस्ते वाईट आहेतच, पण आधी एवढं विचारा, की बोल्ट शेवटचा आवळला तेव्हा गाडी चाकांवर उभी होती की चाकं लोंबकळत होती?

या बुशात बाहेर लोखंडी कडं, आत नळी आणि मधे दोन्हींना चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जखडली जाते. ती फिरत नाही, फिरायचीही नसते. चाक वरखाली होताना पीळ बसतो तो रबरालाच. लोंबकळत्या चाकावर बोल्ट आवळला, तर रबर तीच जागा आपली मानतं. मग गाडी खाली उतरवली की नुसत्या उभ्या गाडीतही रबर पिळलेलं राहतं, खड्ड्यात आणखी पिळतं आणि चिकटवलेल्या कडेपासून सुटू लागतं.

म्हणून बोल्ट घाला, नट हाताने टेकवा, नळी फिरेल इतकं सैल ठेवा. चाकं लावून गाडी पिटवर (गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर) किंवा चार खांबी लिफ्टवर चाकांवर उभी करा. मागून तीन-चार वेळा दाबून सोडा, हातभर पुढेमागे ढकला आणि मगच टॉर्क रेंच (ठरवलेला जोर आला की ‘टिक’ वाजवणारा पाना) लावा. शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या बोल्टलाही बुश असतो, त्यालाही हेच लागू.

पिट नसेल तर काम सुरू करण्याआधीच, गाडी सपाट जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. नंतर गाडी स्टँडवर असताना स्प्रिंगच्या बैठकीखाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत आर्म (ॲक्सलचा चाक धरणारा दांडा) उचला आणि बोल्ट आवळा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेतच, कारण बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो आणि ती चाकं तर हवेत आहेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका.

प्रश्न : टॉर्क रेंच नसेल तर गनने (बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राने) आवळलं तर चालेल का?

उत्तर : गन उघडायला ठीक, शेवटचं आवळायला नाही. शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या नटावर तर नकोच. आतला दांडा गरगर फिरतो आणि सील खराब होतं. तिथे दांडा पान्याने धरून नट फिरवावा लागतो.

टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, शेजाऱ्याच्या गाडीचा चालत नाही. एककही तपासा : १० किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९८ न्यूटन-मीटर. आकडा सहसा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. ऑइल लावून तोच टॉर्क दिला तर घर्षण कमी होऊन बोल्ट जास्त ताणला जातो. पहिल्या ‘टिक’ला थांबा. खात्रीसाठी आणखी दोनदा टिक करायची सवय वाईट.

अडचणीच्या जागी रेंचच्या रेषेत पुढे जोड लावला तर हिशेब बदलतो. रेंच मुठीपासून सॉकेट बसतो त्या चौकोनापर्यंत ४० सेंमी, जोड ५ सेंमी आणि हवेत ९० न्यूटन-मीटर, तर रेंच ९० × ४० ÷ ४५ = ८० वर लावायचा. जोड काटकोनात बसवला तर फरक पडत नाही.

नायलॉनच्या कड्याचे नट एकदाच वापरायचे. ‘इतका टॉर्क आणि वर इतके अंश’ असं जिथे लिहिलेलं असतं, ते बोल्ट मुद्दाम ताणले जातात. तेही बहुधा नवेच घालायचे असतात.

प्रश्न : पिकअपच्या पाट्यांचा (पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट पुन्हा पुन्हा तुटतो. (बार्शी)

उत्तर : सेंटर बोल्टचं काम पाटे आणि ॲक्सल जागेवर बसवण्याचं, भार पकडून धरतात ते पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट. ते सैल पडले की ॲक्सल पुढेमागे सरकतो आणि सगळा झटका सेंटर बोल्टवर येतो. नवे यू-बोल्ट घाला, चारही नट कर्णात, तीन टप्प्यांत आवळा, शेवटचा टप्पा गाडी चाकांवर असताना. पाटे बसल्यावर ताण कमी होतो, म्हणून ५०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा.